एकोणीस दिवसांचा असंयम

"शस्त्रक्रियेपूर्वीच्या कालावधीत रुग्णास वजन वाढवण्याचा सल्ला या रुग्णालयाच्या कोणत्याही कर्मचाऱ्याने कधीही दिलेला नाही. सदर वजनवाढ व तदनुषंगिक रक्तशर्करावाढ ही रुग्णाच्या आत्मसंयमाच्या अभावामुळे झालेली आहे."

चांगह्वातल्या एका मोठ्या रुग्णालयाने को श्यूताओच्या मुलीच्या तक्रारीला दिलेल्या उत्तरातला हा तिसरा मुद्दा. पहिल्या मुद्द्यात खेद होता, दुसऱ्यात अधिक खेद होता, आणि तिसऱ्यात दोन्ही खेदांची परतफेड करून घेतलेली होती. पत्र मुलीने, पेइरोंगने, मोठ्याने वाचून दाखवलं. कारण आईच्या डाव्या डोळ्यासमोर आता काळा पडदा होता आणि उजव्याने एवढी बारीक अक्षरं लागत नव्हती.

हे विधान खोडायला बाहेरचा पुरावा लागत नाही. रुग्णालयाने स्वतःच्या हाताने जोडलेला तक्ता पुरतो. त्यात श्यूताओची वजनं ओळीने दिलेली होती. जानेवारीत ८२.४ किलो. मग दर महिन्याला एक याप्रमाणे ८१.९, ८१.३, ८०.६, ७९.९, ७९.२ आणि जुलैच्या आरंभी ७७.८. या सात आकड्यांत काटा एकदाही वर सरकलेला नाही. चांद्र नववर्षाच्या महिन्यातही नाही, जेव्हा शेजारणीच्या हातचं नाकारणं हे भांडण उकरून काढण्यासारखं असतं. आठवा आकडा त्यानंतर एकोणीस दिवसांनी घेतलेला: ७९.४. आता, मधुमेही माणसाची जठर लहान करण्याची ही शस्त्रक्रिया विम्यातून व्हायची तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साडेबत्तीसच्या खाली असता कामा नये, आणि श्यूताओच्या उंचीला ती रेषा पडते ७९.१ किलोवर. म्हणजे रुग्णालयाचं म्हणणं असं, की जी बाई सहा महिने व्रतस्थासारखी राहिली तिचा संयम एका मंगळवारी सुटला, एकोणीस दिवस सुटलेला राहिला, आणि रेषेच्या तीनशे ग्रॅम वर पोचताक्षणी पुन्हा जाग्यावर आला. कुठे थांबावं हे न कळणं, हीच तर हावरेपणाची व्याख्या. ही बाई मात्र रेषा पाहून थांबली. असंयमाचा इतका शिस्तबद्ध नमुना वैद्यकाच्या ग्रंथांत दुसरा सापडायचा नाही.

"आई, हे खरं आहे?" पेइरोंगने पत्र खाली ठेवलं. "तुला कुणी काही सांगितलं नव्हतं?"

श्यूताओ पेरू कापत होती. सुरी तिने अंदाजाने चालवली, फोड जाड झाली.

"तोंड माझंच ना," ती म्हणाली. "दुसऱ्याचं नाव कशाला घेऊ?"

तिला सगळं ठाऊक होतं. पण तिने शब्द दिला होता.

शथौ हे मोज्यांचं गाव. श्यूताओ अठ्ठावीस वर्षं मोज्यांचे पंजे बंद करत आली होती. यंत्रातून मोजा बाहेर पडतो तो दोन्ही टोकांनी उघडा. पुढचं टोक शिवायचं तर फिरत्या चकतीवरच्या सुयांमध्ये त्याचा एकेक टाका अडकवावा लागतो. एक टाका हुकला की भोक. हे काम बोटांचं वाटतं, पण ते डोळ्यांचं आहे. गेल्या वर्षी टाक्यांच्या मध्ये काळे धागे तरंगू लागले तेव्हा तिने आधी यंत्राला दोष दिला, मग दिव्याला. जवळच्या युआनलिन शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि सांगितलं, "पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या फुटल्यात. साखर उतरवा आणि उतरलेली ठेवा. एवढंच सांगतो."

तिचे वडील याच साखरेने आंधळे झाले होते. शेवटची चार वर्षं ते जेवणाच्या टेबलावर चॉपस्टिक चाचपडत, आणि सापडल्या की जणू कुणी बक्षीस दिल्यासारखे हसत. ते हसू श्यूताओला मरणापेक्षा भयंकर वाटे. तिने दोनदा वजन उतरवलं होतं, दोनदा ते भाडेकरूसारखं सामान घेऊन परत आलं होतं. गोळ्या जास्तीत जास्त मात्रेवर पोचल्या होत्या. तेव्हा जठर कापून लहान करायचं, हा शेवटचा उपाय तिने स्वतः होऊन निवडला. पोटाच्या मोबदल्यात डोळे, असा सौदा तिने मनाशी केला.

विम्याचा नियम असा की आधी सहा महिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली पथ्य आणि व्यायाम करून दाखवायचा. नियमाचा हेतू काय, हे तिला कुणी फोड करून सांगितलं नाही, आणि जे सांगितलं नाही ते तिने शाळेत शिकलेल्या पद्धतीने समजून घेतलं. ज्या बेटावर पोर चालायला लागण्याआधी परीक्षेला बसतं, तिथे सहा महिन्यांची वही हातात मिळाल्यावर दुसरं काय समजणार? तिने अभ्यास केला. पहाटे पेरूच्या बागांमधल्या वाटेने तास तास चालली. भाताऐवजी कोबी, चहा बिनसाखरेचा. दर महिन्याला वजन घेणाऱ्या च्येन सिस्टर वहीत लाल फुलाचा शिक्का मारत, बालवाडीत मारतात तसा. एकोणपन्नास वर्षांची बाई ती फुलं घरी येऊन मुलीला दाखवी.

चाचण्याही तिने पाठोपाठ उरकल्या. पिशवीत फुंकर मारून जठरातले जंतू शोधून घेतले, घशातून नळी घालून घेतली, एक रात्र डोक्याला वायरी लावून घोरून दाखवलं. मानसतज्ज्ञाने विचारलं, "दुःख झालं की खाता का?"

"दुःख झालं की माझे मोजे जास्त होतात," ती म्हणाली. "खायला फुरसत कुठली?"

त्याने काहीतरी लिहिलं आणि बरोबरची खूण केली. ही सगळी तयारी तिला उत्तम जमली होती. घात नेमका तिथेच झाला.

जुलैच्या त्या मंगळवारी च्येन सिस्टरने काट्याकडे पाहिलं आणि शिक्का उचलला नाही.

"मावशी, उतरा. परत चढा बरं एकदा."

"कमीच आहे ना? मी मोबाइलसुद्धा खाली ठेवलाय."

"तेच तर. घ्या तो हातात. पर्सही घ्या."

श्यूताओ हसली. सिस्टर हसली नाही. चौतिशीची, लग्न न केलेली, दुपारचं जेवण नेहमी विसरणारी ही पोर श्यूताओला आवडायची. दोनदा तिने तिच्यासाठी बागेतले पेरूही आणले होते.

"सत्त्याहत्तर पॉइंट आठ," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "मावशी, तुम्ही यात नापास व्हायचं होतं."

"म्हणजे?"

"सहा महिने पथ्य करूनही ज्याला जमलं नाही त्याचंच ऑपरेशन विम्यातून होतं. तुम्हाला जमलं."

"मग जमलं ते वाईट झालं?"

"डोळ्यांसाठी चांगलं झालं. कागदासाठी वाईट."

इथे कोणत्याही शहाण्या माणसाने एक प्रश्न विचारला असता: जमतंय, तर तेच आणखी वर्षभर का चालू ठेवू नये? साखरही उतरत होती. हवी तेवढी नाही, पण उतरत होती. परंतु हा प्रश्न त्या खोलीत कुणाच्याच कामाचा नव्हता. विभागाला शस्त्रक्रिया हव्या होत्या, सिस्टरला यादी पुरी करायची होती, आणि श्यूताओला तिसऱ्यांदा परत येणाऱ्या भाडेकरूची धास्ती होती.

तेवढ्यात विभागप्रमुख डॉ. थू आत आले. त्यांच्या हातच्या टाक्यांचं कौतुक तीन जिल्ह्यांत होतं. त्यांनी वही उलटीकडून चाळली.

"रेषेच्या खाली?" त्यांनी सिस्टरला विचारलं. "सातवा महिना लागायला किती दिवस आहेत?"

"सव्वीस, सर."

चांद्र वर्षाचा सातवा महिना भुतांचा. तेव्हा परलोकाचं दार उघडं असतं, आणि ज्याला घरी दोन माणसं विचारणारी आहेत तो स्वखुशीने सुरीखाली जात नाही. त्या महिन्यात डॉ. थूंचं शस्त्रक्रियागृह ओस पडे, म्हणून त्याआधीचे आठवडे ते ठासून भरत. भुतांवर त्यांचा विश्वास नव्हता. भुतांच्या वेळापत्रकावर होता.

"मग वेळ आहे," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच श्यूताओकडे वळले. "मावशी, घाबरू नका. अन्न काही माणसाचं वैरी नसतं."

ते गेले. वाक्य असं, की देवळाच्या भिंतीवर शोभलं असतं आणि न्यायालयातही टिकलं असतं.

सिस्टरने दार लोटून घेतलं. "दीड किलो, मावशी. थोडे दिवस पोटभर जेवा. मी फोनवर कळवत राहते. पण कुणाला बोलू नका हं, मुलीलाही नाही. माझी नोकरी जाईल."

"पोरी, मी काय गावभर सांगत सुटणारेय?" श्यूताओ म्हणाली. "माझ्यासाठीच करतेयस ना."

अशा रीतीने श्यूताओ वजन वाढवू लागली, आणि तेही तिने अभ्यासासारखंच केलं. 'पोटभर' या शब्दाचा अर्थ तिच्या पिढीत एकच होता: भात. शिवाय झटपट अंग धरायचं तर गोड, हे तिला आईने बाळंतपणात शिकवलं होतं. सकाळी कारखान्याच्या कोपऱ्यावर बा-वानचे, म्हणजे चिकट पिठात मांस भरलेले, दोन गोळे, वरून गोडसर लाल चटणी. दुपारी डुकराच्या मांसाचा रस्सा ओतलेला भात, वाडगे दोन. कामाची पाळी सुटल्यावर साबुदाण्याच्या टपोऱ्या मोत्यांचा दुधाळ चहा, मोठा पेला, साखर पुरी. सहा महिने आकसलेलं पोट पहिले तीन दिवस बंड करून उठलं. ती मोरीत जाऊन ओकली, तोंड धुतलं आणि पुन्हा खायला बसली. तिने आयुष्यात कधी इतक्या नावडीने खाल्लं नव्हतं.

शेजारच्या यंत्रावरची बाई हेल काढून म्हणाली, "काय गं श्यूताओ, एवढं दोघांचं खातेस ते? या वयात पाळणा हलतोय की काय?"

"हलला तर मोजे तूच विण," श्यूताओ म्हणाली. सगळ्या खिदळल्या. तिने मान खाली घालून टाका अडकवला; तो हुकला.

सिस्टरचे निरोप फोनवर येत, बहुधा दुपारी: आज किती जेवलात, आणखी थोडं हवं, शनिवारी काट्यावर येऊन जा. आणि संध्याकाळपर्यंत ते नाहीसे होत. त्यांच्या जागी राखाडी अक्षरांत एकच ओळ उरे: 'च्येन यांनी संदेश मागे घेतला.' कारखान्यात फोन दाराशी ट्रेमध्ये ठेवावे लागत, त्यामुळे ती घाईघाईने डब्याच्या सुटीत वाचून घेई. एकूण सात निरोप. त्यातला चौथा तिने वाचलाच नाही; त्या दिवशी तातडीची ऑर्डर होती, डब्याची सुटी कापली गेली, आणि पाळी सुटेपर्यंत तो मागे गेला होता. 'नेहमीचंच असेल,' असं म्हणून तिने चहाचा पेला घेतला.

पेइरोंगला कचऱ्याच्या पिशवीत चहाचे कागदी पेले सापडले. पाच.

"आई, हे काय आहे?"

"तहान लागली होती."

"तहान! सहा महिने मी तुझ्यासोबत कोबी चावलाय, आई. घरात पाव आणला नाही. आणि तू लपून...? आजोबांसारखं चाचपडत बसायचंय का तुला?"

श्यूताओने कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारली. मुलीने त्यानंतर दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक एवढाच, की इथे तोंड तिचं तिनेच दाबलं होतं, आणि तेही घास भरून.

एकोणिसाव्या दिवशी वजन ७९.४ भरलं. सिस्टरने टाळी वाजवली. शिक्का मात्र मारला नाही. अर्ज गेला, आश्चर्यकारक वेगाने मंजूर झाला, आणि भुतांचं दार उघडायला तीन दिवस उरले असताना श्यूताओ रुग्णालयात दाखल झाली. पहाटे उपाशीपोटी रक्त घेतलं: साखर ३१८. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि टेबलावर आपटला.

"हिला भूल द्यायची? जखम भरेल का हिची? घरी पाठवा."

एका खिडकीला ती पुरेशी आजारी हवी होती, दुसऱ्या खिडकीला पुरेशी निरोगी. दोन्ही खिडक्या एकाच इमारतीत होत्या आणि त्यांची आपसात ओळख नव्हती. घरी सोडण्याच्या कागदावर कारण लिहिलं गेलं: 'रुग्णाने आहारनियम पाळले नाहीत.' पाचव्या दिवशी चकतीवर टाका अडकवताना तिच्या डाव्या डोळ्यात शाई सांडल्यासारखं झालं, आणि ती शाई ओघळत खाली उतरली नाही, भरत गेली. युआनलिनचे डॉक्टर म्हणाले, "आत रक्तस्राव झालाय. या महिन्याच्या साखरेनेच झाला असं मी लिहून देऊ शकत नाही. झाला नाही, असंही लिहून देणार नाही." उजव्या डोळ्याबद्दल ते एवढंच म्हणाले, की आता तो एकटा आहे.

विम्याच्या मंजुरीची मुदत संपून गेली. पेइरोंगने तक्रार केली, उत्तर आलं, आणि त्या उत्तरावर समाधान न झाल्याने तिने आरोग्य विभागाकडे मध्यस्थी मागितली.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी तिने आईचा फोन उघडला. सात राखाडी ओळी.

"आई, जिने काही सांगितलंच नाही, तिने सात वेळा मागे काय घेतलं?"

"पेलेच सापडले होते ना तुला? मग झालं. मी हावरी आहे."

"तू हावरी असतीस तर मला परवडलं असतं," मुलगी म्हणाली, आणि पहिल्यांदाच रडली. "मी तुला काय काय बोलले त्या दिवशी."

श्यूताओने हात पुढे केला. तो मुलीच्या खांद्याऐवजी खुर्चीच्या पाठीला लागला. "त्या पोरीला शब्द दिलाय मी," ती म्हणाली. "नोकरी गेली तर तिचं कसं व्हायचं?"

बैठकीची खोली लहान होती. टेबलाच्या एका बाजूला मायलेकी, दुसऱ्या बाजूला डॉ. थू आणि च्येन सिस्टर, मधे आरोग्य विभागाचे मध्यस्थ, आणि कोपऱ्यात जो जे बोलेल ते शब्दशः टिपून घेणारी लेखनिक. सिस्टर खाली पाहत होती. पेइरोंगने फोन मध्यस्थांपुढे सरकवला.

"मागे घेतलेल्या संदेशात काय होतं हे सांगता येत नाही," डॉ. थू सौजन्याने म्हणाले. "वाढदिवसाच्या शुभेच्छाही असतील."

"को बाई," मध्यस्थ म्हणाले, "तुम्हीच सांगा. तुम्हाला कुणी खायला सांगितलं?"

श्यूताओने उजवा डोळा सिस्टरवर स्थिर केला. पोरगी वाळली होती. "कुणी नाही, साहेब. मीच खाल्लं. सकाळी बा-वान, दुपारी दोन वाडगे भात, संध्याकाळी साखरेचा चहा. तोंड माझं, हात माझे. सिस्टरला काही बोलू नका."

प्रकरण इथे मिटलं होतं. मध्यस्थांनी टोपण काढलेलं पेन उचललं, लेखनिकेने ओळ पुरी केली, डॉ. थूंनी घड्याळ पाहिलं. त्यांनी गप्प बसायचं होतं. एवढं एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं.

पण पेइरोंगला राहवलं नाही. "मधुमेहाच्या बाईला भात आणि साखर चारून वजन वाढवायचं!" ती उभी राहत म्हणाली. "कसायालाही बकरं कसं पोसायचं ते कळतं. ज्याने कुणी हे सांगितलं तो एक तर अडाणी असला पाहिजे, नाहीतर डॉक्टरकी विकत घेतलेला."

विद्वत्तेला एक खोड असते. तिच्यावर पापाचा आळ आला तर ती शांतपणे नाकारते. अज्ञानाचा आला तर तिला ते सहन होत नाही. डॉ. थूंचे कान लाल झाले. सिस्टरने त्यांच्या बाहीला हात लावला, तो त्यांनी झटकला. पुढचे शब्द त्यांनी श्यूताओकडे बोट रोखून उच्चारले, आणि लेखनिकेने ते इतिवृत्तात जसेच्या तसे उतरवले:

"भात आणि साखर कुणी सांगितली तुम्हाला? फक्त मांस, अंडी आणि चरबी, भाताला नि गोडाला हात लावायचा नाही, असं चौथ्या निरोपात स्पष्ट लिहून पाठवलंय या सिस्टरने. मजकूर मी स्वतः सांगितलाय. यंदा अकरा जणांचं वजन मी असंच रेषेवर आणून बसवलं, एकाचीही साखर चढली नाही. तुम्हीच तेवढं सांगितलेलं ऐकलं नाहीत."